मार्क ट्वेनचा ‘यांकी’ : एक निराशा

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रकारांनीं हास्य आणि अद्भुत हे दोन निरनिराळे रस मानले. भरतमुनींनीं पहिल्याची उत्पत्ति शृंगारापासून सांगितली व दुसऱ्याची वीरापासून. कुळें अशीं भिन्न असल्यामुळें या दोघांचा संसार एका घरांत सुखाचा होणें कठीण. अद्भुतास डोळे विस्फारून ऐकणारा श्रोता हवा असतो, तर हास्यास डोळे बारीक करून पाहणारा. तरीहि या दोहोंचा संयोग साधलेलीं पुस्तकें जगांत आहेत, आणि तीं आहेत म्हणूनच त्या जातीचें एखादें नांवाजलेलें पुस्तक हातीं घेतांना वाचकाची अपेक्षा मोठी असते. ती भंगली म्हणजे होणारी निराशाहि साधी नसते. रटाळ पुस्तक मिटून ठेवतां येतें. हें पुस्तक मिटल्यावरहि मनांत सलत राहतें.

अमेरिकन विनोदकार मार्क ट्वेन याची ‘ए कनेक्टिकट यांकी इन किंग आर्थर्स कोर्ट’ ही कादंबरी अशाच जातीची आहे. ती इ. स. १८८९ मध्यें प्रसिद्ध झाली. अमेरिकेंत हॉवेल्ससारख्या मान्यवर टीकाकारानें तिची मुक्तकंठानें स्तुति केली. इंग्लंडांत मात्र आपल्या पुराणपुरुषाची थट्टा केली म्हणून कित्येक टीकाकार ट्वेनवर रुष्ट झाले. आमची निराशा त्या इंग्रजांची निराशा नव्हे. आर्थर राजा आमच्या नात्यागोत्यांतला नाहीं, व त्याच्या सरदारांच्या फजितीनें आमच्या कुळास बट्टा लागत नाहीं. आमची तक्रार अशी कीं, हें पुस्तक ज्या हंसण्याचें आमंत्रण देतें तें हंसणें एकतर्फी आहे, आणि एकतर्फी असल्यामुळेंच शेवटीं तें नासतें. तें कसें नासतें हें महाडसारख्या गांवीं बसून वाचणारास जितकें स्पष्ट दिसतें, तितकें कदाचित् लंडनांत किंवा न्यूयॉर्कांत दिसणार नाहीं.

ज्यांनीं ही कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठीं कथानक थोडक्यांत सांगतों. हँक मॉर्गन हा कनेक्टिकटांतील हार्टफर्ड शहरीं कोल्टच्या बंदुकांच्या कारखान्यांतला मोठा मुकादम. लोहाराचा मुलगा, हातांत कसब आणि डोक्यांत हिशेब. कारखान्यांतल्या एका मारामारींत डोक्यांत पहार बसून तो बेशुद्ध पडतो, आणि जागा होतो तो इ. स. ५२८ मध्यें, आर्थर राजाच्या राज्यांत. परका म्हणून त्यास पकडतात व जिवंत जाळण्याची शिक्षा देतात. २१ जून रोजीं खग्रास सूर्यग्रहण आहे हें त्यास आठवतें. आपण सूर्य कायमचा विझवूं अशी धमकी तो देतो, ग्रहण लागतें, राजा गर्भगळित होतो, आणि कालचा कैदी आज राज्याचा कारभारी बनतो. लोक त्यास ‘बॉस’ म्हणजे धनी म्हणूं लागतात. मग तो दरबारी जादूगार मर्लिन याचा मनोरा सुरुंगाच्या दारूनें उडवितो, गुप्तपणें कारखाने व शाळा काढतो, तारा व टेलिफोन घालतो आणि वर्तमानपत्र सुरू करतो. गणितानें पाहिलें तर त्या वर्षीं त्या दिवशीं सूर्यग्रहण नव्हतेंच. पण अद्भुतापुढें पंचांग उघडून बसणें हा रसिकपणा नव्हे. शिवाय कोलंबसानें १५०४ सालीं जमेकांत चंद्रग्रहणाचें भय घालून तेथील लोकांकडून अन्न मिळविलें होतें. म्हणजे या कल्पनेच्या मागें इतिहासाचा आधारहि आहे.

पुस्तकाच्या पूर्वार्धांत विनोदाची समृद्धि विपुल आहे, आणि ती कबूल न करणें कृपणपणाचें होईल. सरदार लोक पाठीपोटावर साबणाच्या जाहिरातीचे फलक बांधून देशभर हिंडतात, हें चित्र काय किंवा संकटांत सांपडलेल्या राजाला सोडविण्यासाठीं पांचशें चिलखती वीर सायकलींवरून दौडत येतात, हें चित्र काय, कोणालाहि हंसू आणील असेंच आहे. उंच खांबावर उभा राहून अहोरात्र वांकून वांकून नमस्कार घालणाऱ्या एका तपस्व्याची शक्ति फुकट जाते म्हणून हँक त्याला दोरीनें शिवणयंत्र जोडतो, आणि पांच वर्षांत अठरा हजारांवर सदरे शिवून विकतो! श्रद्धेची व व्यापाराची अशी सांगड दुसऱ्या कोणाच्या लेखणीस सुचली असती असें वाटत नाहीं. राजा व कारभारी वेषांतर करून फिरत असतां गुलाम म्हणून विकले जातात, तेव्हां राजाला सात डॉलर आणि हँकला नऊ डॉलर किंमत येते. गुलाम झाल्याहून आपली किंमत कमी आली याचेंच राजास अधिक दुःख होतें. हा उत्तम विनोद आहे. त्यांत हंसतां हंसतां राजेपणाचें मोल ठरतें व माणसाचेंहि.

असें असतां निराशा कोठून सुरू होते? आमच्या मतें ती विहिरीपासून सुरू होते. एका पवित्र खोऱ्यांतील मठाची विहीर आटलेली असते. पूर्वीं कधींकाळीं मठवासीयांनीं स्नानाची चैन केली म्हणून पाणी आटलें होतें, तसेंच हेंहि कांहीं पापाचें फळ असावें अशी सर्वांची समजूत. मर्लिन मंत्र म्हणून थकतो. हँक विहिरींत उतरून पाहतो, तों आंतल्या दगडी बांधकामाला भगदाड पडून पाणी झिरपून जात असतें, इतकेंच. तो आपलीं माणसें बोलावून चोरून भगदाड बुजवितो आणि पंप बसवितो. पण एवढ्यावर तो थांबत नाहीं. रात्रीं हजारों लोक जमवून, रंगीबेरंगी दारूकाम उडवून, अगडबंब जर्मन शब्दांचे मंत्र गर्जून तो पाणी ‘प्रकट’ करतो. लोक भुईवर लोटांगण घालतात, आणि लेखक आपणांस त्या लोकांना हंसावयास सांगतो.

येथें आम्हांस हंसू येईना. ज्याला भगदाड दिसलें त्यानें तें चार माणसांस दाखविलें असतें, तर त्या मठांत त्या रात्रीं खरी क्रांति झाली असती. पाणी पापानें आटत नाहीं, दगड निखळल्यानें आटतें, एवढें एक वाक्य त्या सबंध दारूकामाहून अधिक प्रकाश पाडणारें होतें. हँक तें वाक्य बोलत नाहीं; कारण तें बोलल्यावर त्याच्यांत व इतरांत फरक उरणार नाहीं. लोकांचें अज्ञान ही त्याची चेष्टेची वस्तु आहे आणि तीच त्याची इस्टेटहि आहे. ज्या अज्ञानाला तो हंसतो त्याच अज्ञानाच्या व्याजावर तो जगतो. विनोदी लेखकानें हेरावी अशी विसंगति हीच होती. परंतु ट्वेनची नजर मर्लिनवर व त्या भोळ्या गर्दीवर इतकी खिळलेली आहे कीं, आपल्या नायकाकडे ती क्षणभरहि वळत नाहीं.

या प्रकरणाशीं आम्ही अडखळलों याला स्थळाचें कारण आहे. महाड गांवाला पाण्याची गोष्ट ठाऊक आहे. येथलें चवदार तळें आटलेलें नव्हतें. त्याला भगदाडहि पडलें नव्हतें. पाणी होतें, पण अस्पृश्य मानलेल्या माणसानें तें ओंजळींत घ्यावयाचें नाहीं असा दंडक होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा श्री. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलांत १९२३ सालीं मंजूर झाला; पुढील वर्षीं महाडच्या नगरपालिकेनेंहि तळें खुलें असल्याचा ठराव केला. तरीहि ठराव कागदावर राहिला आणि पाणी तळ्यांत राहिलें. अखेर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या प्रतिनिधींसह चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्या वेळीं दारूकाम उडालें नाहीं, कोणी मंत्र गर्जला नाहीं. जें घडलें तें दिवसाढवळ्या, सर्वांच्या देखत, व प्रत्येकाला अर्थ कळेल असें घडलें. त्यानंतर प्रतिनिधींवर हल्ला झाला, तळ्याची ‘शुद्धि’ करण्यांत आली, नगरपालिकेनें आपला ठराव फिरविला, प्रकरण कोर्टांत गेलें, आणि मुंबईच्या हायकोर्टाचा निकाल लागावयास १७ मार्च १९३७ उजाडला. चमत्कार एका रात्रींत होतो. हक्क शाबीत व्हावयास दहा वर्षें लागलीं.

कोणी म्हणेल, एका गंमतीच्या कादंबरीला इतिहासाच्या तराजूंत घालणें हा अन्याय आहे. ती केवळ गंमतीची असती तर आम्हीहि तसें केलें नसतें. पण हँक पानोपानीं आपणांस लोकसत्तेचा पुरस्कर्ता म्हणवून घेतो. राजे, सरदार व धर्मपीठ यांनीं सामान्य माणसास कसें मेंढरूं बनविलें यावर तो लांबच लांब व्याख्यानें देतो. लेखकाची सहानुभूतिहि उघडपणें त्याच्या बाजूस आहे. जें पुस्तक सुधारणेचा आव आणतें, त्याला सुधारणेची कसोटी लावली तर बिघडलें कोठें? आणि त्या कसोटीवर पाहतां विहिरीकांठचा हँक आणि मर्लिन यांत फरक एवढाच उरतो कीं, एकाची जादू चालते व दुसऱ्याची चालत नाहीं.

कथानकानेंच पुढें हा न्याय दिला आहे. धर्मपीठ राज्यावर बहिष्काराचें फर्मान काढतें आणि एका दिवसांत हँकची सारी नवी सृष्टि कोसळते. दिवे विझतात, कारखाने ओस पडतात, ज्यांना त्यानें शिकविलें, पगार दिला, यंत्रावर बसविलें, तीं माणसें जुन्या भीतीकडे धांवत परततात. बरोबर राहतात तीं अवघीं बावन्न पोरें, चौदा ते सतरा वर्षांचीं, म्हणजे जुन्या संस्काराचा शिक्का बसण्यापूर्वीं हातीं लागलेलीं. लोक कां परतले याचें उत्तर कादंबरी देते तें असें कीं, अंधश्रद्धा त्यांच्या हाडींमांसीं खिळली होती. हें अर्धेंच उत्तर झालें. त्यांना शिकविलें होतें तेंहि दुसऱ्या श्रद्धेसारखेंच. ग्रहणाला भिऊन जे हँकच्या मागें आले, ते फर्मानाला भिऊन निघून गेले. भीतीचा धनी बदलला, भीति तीच राहिली.

येथें विनोदाच्या स्वभावाविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. महाडजवळच्या शिवथरच्या घळींत समर्थांनीं दासबोध रचला अशी परंपरा आहे. त्या ग्रंथांत कोणाला काय ऐकावयास आवडतें हें सांगतांना समर्थांनीं विनोद टवाळांच्या वांट्यास दिला. त्यावरून विनोदाचे द्वेष्टे त्यांची साक्ष काढीत आले आहेत. आमच्या समजुतीनें समर्थांचा कटाक्ष विनोदावर नसून टवाळीवर होता, आणि या दोहोंतला भेद ओळखण्याची खूण अगदीं सोपी आहे. भरतानें हास्याचे आत्मस्थ व परस्थ असे दोन प्रकार केले: स्वतः हंसतो तो पहिला, दुसऱ्यास हंसवितो तो दुसरा. यांच्या जोडीला स्वतःला हंसतो असा तिसरा प्रकार मानला, तर ज्यांत तो मुळींच नाहीं ती टवाळी, आणि ज्यांत थोडा तरी आहे तो विनोद, असें म्हणतां येईल.

आमच्याकडील थोर विनोदकारांनीं ही खूण सोडलेली नाहीं. १९०२ सालीं ‘विविधज्ञानविस्तारां’त श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा पहिला विनोदी लेख आला, आणि पुढें त्यांनीं शिमगा, श्राद्ध, मुहूर्त, शकुन अशा कित्येक रूढींवर शस्त्र चालविलें. पण तें चालविण्यासाठीं त्यांनीं कोणी शहाणा सुधारक योजला नाहीं. सुदामा, बंडूनाना व पांडुतात्या हे तिघे स्वतःच महामूर्ख आहेत. ते रूढीचें समर्थन करावयास जातात आणि तिच्यासह तोंडावर पडतात. वाचक रूढीला हंसतो, पण हंसतांना त्याला कोणा शहाण्याच्या उंच खुर्चीवर बसावें लागत नाहीं. चिं. वि. जोशांचा चिमणराव तर आपलीच फजिती आपल्याच तोंडानें सांगतो, म्हणूनच तो आपल्या घरचा वाटतो. पाश्चात्यांकडेहि दाखला आहे. स्विफ्टचा ‘गलिव्हर’ १७२६ सालचा. राक्षसांच्या देशांत गेल्यावर गलिव्हरहि मोठ्या दिमाखानें तेथील राजास बंदुकीच्या दारूची विद्या शिकवूं पाहतो. राजा ती ऐकून शहारतो व पुन्हां तिचें नांव काढूं नको म्हणून बजावतो. राजाची बुद्धि कोती म्हणून गलिव्हर हंसतो; आणि वाचकाला मात्र गलिव्हरचें हंसू येतां येतां स्वतःच्या जगाची लाज वाटूं लागते. हास्याद्भुत म्हणतात तें हेंच. दूरच्या देशाचा आरसा करून त्यांत आपलेंच तोंड दाखवावयाचें असतें. ट्वेनच्या हातांत तीच दारू आली. पण ‘नको’ म्हणणारा राजा त्याच्या पुस्तकांत नाहीं.

म्हणूनच शेवट असा होतो. हँक, त्याचा साहाय्यक क्लॅरेन्स आणि तीं बावन्न पोरें एका गुहेशीं तळ देतात. भोंवतीं विजेच्या तारांचीं कुंपणें, आंत गॅटलिंग तोफा. तीस हजारांची सरदारांची फौज चालून येते. कांहीं तारांना चिकटून मरतात, कांहीं पाण्यांत बुडतात, उरलेले तोफांच्या माऱ्यांत पडतात. पंचवीस हजार प्रेतांचा खच पडतो, आणि त्याच प्रेतांच्या दुर्गंधीनें विजयी पोरें आजारी पडूं लागतात. साबणाचे फलक मिरविणारे, सायकलींवर डुलत येणारे आपले ते हास्यास्पद सरदार असे शिजून मरतांना पाहून वाचक सुन्न होतो. ज्यांना हंसतां हंसतां आपण ओळखूं लागलों होतों त्यांना असें मारावयाचें होतें, तर ती ओळख करून कां दिली?

यावर एक समर्थन केलें जातें तें विचारांत घेण्यासारखें आहे. कित्येक टीकाकार म्हणतात कीं, हा शेवट मुद्दामच भीषण केला आहे. यंत्रयुगाचा गर्व कोठें नेतो हें ट्वेनला दाखवावयाचें होतें. या मताला बळकटी देणारी एक जागा कथेंत खचित आहे. सर्वांवर मात करून शेवटीं म्हातारीच्या वेषांत गुहेंत शिरतो तो मर्लिन. ज्याची जादू पुस्तकभर एकदांहि चालली नाहीं, तो हँकला तेरा शतकांची झोंप देतो. आणि आनंदानें खदखदत असतां विजेची तार लागून मरतो, तों त्याच्या तोंडावरचें हंसू तसेंच थिजून राहतें. पुस्तकांतलें अखेरचें हंसू यांकीचें नसून मर्लिनचें आहे. ट्वेनची प्रतिभा येथें ट्वेनच्या मताहून शहाणी झाली, असें आम्हांस वाटतें. पण एका जागेवरून सबंध ग्रंथाचा हेतु सिद्ध होत नाहीं. पंचवीस हजारांच्या मृत्यूबद्दल हँकला पश्चात्ताप झाल्याचें लेखक दाखवीत नाहीं. मरतांना तो तळमळतो तो आपल्या बायकोमुलीसाठीं आणि हरवलेल्या काळासाठीं. आपली करुणा लेखक मागतो तीहि त्याच्याचसाठीं.

असें कां झालें याचा थोडा उलगडा ट्वेनच्या चरित्रांत सांपडतो. ज्या वर्षांत ही कादंबरी लिहिली गेली त्याच वर्षांत तो पेज नांवाच्या गृहस्थाच्या खिळे जुळविण्याच्या यंत्रांत पैसा ओतीत होता. यंत्र व कादंबरी एकाच दिवशीं पुरीं व्हावींत अशी त्याची इच्छा होती. यंत्र कधीं धड चाललें नाहीं, आणि १८९४ सालीं ट्वेनचें दिवाळें निघालें. यंत्रावर आशा ठेवणारा व यंत्रानें गांजलेला, असे दोन ट्वेन एकाच पुस्तकांत लिहीत आहेत. त्यांचें एकमत होत नाहीं, आणि कादंबरी मध्येंच दुभंगते.

त्याला याहून चांगलें लिहितां येत नव्हतें असें मात्र नाहीं. याच कादंबरींत देवीच्या साथीचें एक प्रकरण आहे. वेषांतर केलेला राजा एका झोपडींत शिरतो. संसर्गाचें भय असतांहि तो माळ्यावरून मरणोन्मुख मुलीला उचलून खालीं तिच्या आईजवळ आणतो. हँक तें पाहून स्तिमित होतो, आणि क्षणभर त्याचें व लेखकाचेंहि उपहासाचें शस्त्र गळून पडतें. सबंध पुस्तकांत राजा राजा वाटतो तो येथेंच. पुढें १८९६ सालीं ट्वेन व्याख्यानांच्या दौऱ्यावर मुंबईस आला. तेथल्या हॉटेलांत एका जर्मन माणसानें देशी नोकराच्या तोंडांत मारली व नोकरानें ती मुकाट्यानें सोसली, हें पाहून ट्वेनला दुसऱ्या कोणाची नव्हे, तर आपल्याच मिसूरी प्रांताची आठवण झाली. आपल्याच बापानें गुलाम पोराला असें मारलेलें त्याला आठवलें. १८९७ च्या प्रवासग्रंथांत त्यानें हें लिहून ठेवलें आहे. तेथें विनोद नाहीं, पण जी दृष्टि विनोदाला खरा करते ती आहे. परक्याच्या देशांत आपलें घर दिसणें, ही ती दृष्टि. ‘यांकी’मध्यें ती असती तर हें पुस्तक ‘गलिव्हर’च्या शेजारीं बसलें असतें.

या निराशेंत आम्हां शिकल्यासवरल्यांचाहि संबंध आहे. इंग्रजी शिकून तालुक्याच्या गांवीं येणारास यांकीची खुर्ची सदैव तयार असते. चार पुस्तकांच्या बळावर भोंवतालच्यांचें अज्ञान हेरून त्यावर कोटी करावी, आणि आपली किंमत वाढवून घ्यावी, हा मोह आमच्या वर्गाला नवा नाहीं. उद्यां एखाद्या मराठी लेखकानें आजचा पदवीधर १६७४ सालच्या रायगडावर नेऊन सोडला, तर मोठें बहारीचें हास्याद्भुत होईल. पण त्यानें आरंभ ग्रहणापासून करूं नये. महादरवाजापर्यंत चढतांना त्या पदवीधराला लागलेल्या धापेपासून करावा. त्याला चकमकीनें विस्तव पाडतां येत नाहीं, घोड्याला खरारा करतां येत नाहीं, ज्या विजेचा त्याला अभिमान ती तारेंत कशी येते हेंहि धड सांगतां येत नाहीं, हें गडावरच्या एखाद्या पाणक्यानें पाहावें आणि हंसावें. मग त्या पाणक्याच्या भोळेपणास आपणहि खुशाल हंसूं. असें देणेंघेणें चालू राहिलें, तर त्या हंसण्यांतून कोणाचाहि वध करण्याची पाळी येणार नाहीं.

वाचकांनीं ‘यांकी’ वाचूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. पूर्वार्धांतल्या गंमतीसाठीं आणि त्या झोपडीच्या प्रकरणासाठीं तो अवश्य वाचावा. मात्र विहिरीचें प्रकरण आलें म्हणजे थोडें थांबावें, आणि दारूकामाकडे न पाहतां, तें भगदाड कोणाला दाखविलें गेलें व कोणापासून लपविलें गेलें, इकडे लक्ष द्यावें.